हंड्याची पाळी

(वार्षिक संमेलनाच्या महिला-सत्रात केलेले भाषण)



संमेलनाच्या या सत्रात चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली, हा आम्ही आमचा बहुमान समजतो. स्त्रियांच्या उन्नतीविषयी बोलावे, असे चिटणीसांनी पत्रात कळविले होते. या विषयावर व्याख्यान देण्याइतका आमचा व्यासंग नाही. आमचे उभे आयुष्य मृदसंधारणाच्या नोकरीत गेले. माळावर साखळी आणि दुर्बीण घेऊन हिंडावे, उतार मोजावा, बांधाची आखणी करावी आणि संध्याकाळी मोजमापवहीत आकडे लिहावेत, हाच आमचा व्यवसाय. तेव्हा जे आम्हांस ठाऊक आहे, त्या माती-पाण्याविषयीच आम्ही बोलणार आहोत. त्या बोलण्यात स्त्रियांचा विषय आपोआप येईल. कारण खेड्यात पाणी आणि स्त्री यांची ताटातूट कधी झालेलीच नाही.

प्रथम एक लहानसा हिशेब आपणांपुढे ठेवतो. आपल्या ज्ञातीची बहुसंख्य गावे अवर्षणप्रवण मुलुखात आहेत. तेथे वर्षाकाठी चारशे मिलिमीटर पाऊस पडला, तरी साल बरे गेले असे म्हणतात. एका हेक्टरावर चारशे मिलिमीटर पाऊस पडणे म्हणजे ४० लाख लिटर पाणी आकाशातून उतरणे. आता आपल्या घरातली माउली रोज पंधरा लिटरांच्या दहा खेपा करते असे धरा. एका हेक्टरावर एका पावसाळ्यात पडलेले पाणी डोक्यावरून वाहून आणावयाचे, तर तिला ७३ वर्षे लागतील. जे पाणी देव दारात आणून टाकतो, ते आपण ओढ्यावाटे वाहून जाऊ देतो आणि त्यातले चार थेंब परत आणण्यासाठी मुलीबाळींना उन्हातान्हात कोसभर धाडतो. आमच्या खात्याचे सारे शास्त्र या एका विसंगतीतून जन्माला आले आहे.

हे शास्त्र फार गूढ आहे असे नाही. ज्या उंचवट्यावरून उतरलेले सारे पाणी अखेर एकाच ओढ्याला मिळते, तेवढ्या भूभागाला पाणलोट म्हणतात. त्या पाणलोटात माथ्यापासून पायथ्याकडे काम करीत यावयाचे. डोंगरउतारावर सलग समतल चर खोदावयाचे, म्हणजे धावणारे पाणी चालू लागते. घळींत अनघड दगडांचे बांध घालावयाचे, म्हणजे चालणारे पाणी थबकते. शेताला बांधबंदिस्ती, ओढ्याला मातीचे किंवा सिमेंटचे नालाबांध, म्हणजे थबकलेले पाणी जमिनीत मुरते. माथा सोडून पायथ्याशी बांध घातला, तर दोन पावसाळ्यांत तो गाळाने भरून जातो. पाणी उगमाशी अडवावे, हा विचारही नवा नाही. महात्मा जोतिराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात सरकारने आपल्या फौजेतील व पोलिसांतील रिकाम्या शिपायांकडून जागोजागी ताली-बंधारे घालवून घ्यावेत आणि पावसाचे पाणी आधी शेतांत मुरवून मग ओढ्या-नाल्यांस मिळेल अशी तजवीज करावी, असे सुचविले होते.

शिपाई काही आले नाहीत. ते काम कोणी केले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. १९७२ च्या दुष्काळात आणि १९७३ च्या उन्हाळ्यात या महाराष्ट्रात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती, आणि त्यांत स्त्रिया प्रचंड संख्येने होत्या. कडेला झोळीत तान्हे मूल निजवून त्या खडी फोडीत होत्या, मातीच्या पाट्या वाहत होत्या. पुढे वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. त्या योजनेत कामाचा दर स्त्री-पुरुषांना एकच होता. आपल्या गावांजवळचे कित्येक पाझर तलाव आणि बांध त्या हातांनी बांधलेले आहेत. आमच्या मोजमापवहीत त्यांची नोंद घनमीटरांत आहे. हातांची नोंद हजेरीपत्रकापलीकडे कोठेही नाही.

येथे आम्हांस आमच्या नोकरीतील एक गोष्ट कबूल करावयाची आहे. नगर आणि बीड यांच्या सीवेवरचे एक गाव होते. गावाचे नाव सांगत नाही. त्यात गावाचा दोष नाही, दोष असलाच तर आमचा आहे. १९९४ सालापासून तीन वर्षे तेथे आम्ही पाणलोटाचे काम केले. काम नमुनेदार झाले. चर सरळ, बांध पक्के, सांडवे मापात. पहिल्याच चांगल्या पावसात विहिरींना चार-चार पुरुष पाणी चढले. गावाने आम्हांस फेटा बांधला, नारळ दिला, आमचे छायाचित्रही पंचायतीच्या कचेरीत लावले. आम्ही समाधानाने बदलीच्या गावी गेलो.

चार वर्षांनी चैत्रात आम्ही त्याच रस्त्याने जात होतो. पाहतो तो गावाच्या वेशीपासून ओढ्यापर्यंत बायकांची रांग, डोक्यावर हंडे. आमचा आमच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. गाडी थांबवून चौकशी केली. पाणी चढले, तशा विहिरींवर मोटारी बसल्या. मोटारींनी विहिरी आटू लागल्या, तसे लोकांनी विंधन-विहिरी घेतल्या. बाजरी-मटकीच्या जागी ऊस आला. चार-सहा मळे हिरवेगार झाले आणि पिण्याच्या पाण्याचा आड फाल्गुनातच कोरडा पडला. त्या रांगेतल्या एका वयस्क बाईने आम्हांस ओळखले. आमच्या कामावर तीन वर्षे पाटी वाहिलेली बाई होती ती. म्हणाली, “सायेब, हिरीला पानी आलं, मोटारी आल्या. आमच्या हंड्याची पाळी कवा यायची?”

सज्जनहो, पाळी हा शब्द बागायतदारांचा आहे. उसाची पाळी, गव्हाची पाळी. हंड्यालाही पाळी असावी, असा विचार आमच्या आराखड्यात नव्हता. पाणी किती अडेल हे आम्ही सेंटिमीटरापर्यंत मोजले होते. अडलेले पाणी कोणी राखावयाचे, हे मात्र कोणालाच विचारले नव्हते. गावच्या सभा झाल्या नव्हत्या असेही नाही. प्रत्येक सभेचे इतिवृत्त आमच्यापाशी होते, आणि त्याखालच्या सह्या सर्वच्या सर्व पुरुषांच्या होत्या. स्त्रिया देवळाच्या पायरीपाशी डोक्यावरचा पदर सावरीत उभ्या असत. कोणी त्यांस ‘या, बसा, तुमचे मत सांगा’ असे म्हटले नाही. आम्हीही म्हटले नाही.

हे असे का घडते, त्याला भूगर्भाचे कारण आहे. आपली भूमी बव्हंशी काळ्या पाषाणाची. त्या पाषाणाच्या पोटात पाण्याला जागा थोडी. जे साठते ते वरच्या मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत. त्यामुळे दोन शेजाऱ्यांच्या विहिरी दोन दिसल्या तरी पाण्याची कोठी पुष्कळदा एकच असते. एकाने खोल खोदून उपसा वाढविला, की दुसऱ्याची विहीर कोरडी. सामायिक कोठीला कुलूप लावावयाचे, तर घरातील सर्वांनी मिळून नियम करावा लागतो. ज्यांनी तो नियम केला, त्यांची गावे तगली. ज्यांनी तो केला नाही, त्यांचे बांध उत्तम असूनही गावे तहानलेली राहिली.

नियम करणाऱ्या गावांची उदाहरणे आपल्या परिचयाची आहेत. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीत १९७५ सालापासून जे काम अण्णा हजारे यांच्या प्रेरणेने झाले, त्यात बांधांइतकेच महत्त्व चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी आणि श्रमदान या गावाने स्वतःवर घालून घेतलेल्या बंधनांना होते. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी दुष्काळानंतर देवस्थानची चाळीस एकर उजाड जमीन कराराने घेऊन प्रयोग केला आणि त्यातून ‘पाणी पंचायत’ निघाली. तिचा नियम असा, की पाणी जमिनीच्या मानाने वाटावयाचे नाही, माणसांच्या मानाने वाटावयाचे. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी, आणि कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकरांचे. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. उसाला मनाई. नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथे पोपटराव पवार १९८९ साली सरपंच झाले. त्या गावाने शेतीसाठी विंधन-विहिरी घेण्यास आणि ऊस, केळी यांसारखी तहानलेली पिके लावण्यास बंदी केली. पावसाळा संपला की गाव पाण्याचा ताळेबंद मांडते. आधी माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी बाजूस काढावयाचे, उरेल त्यावर रब्बीची पिके ठरवावयाची. आमच्या त्या गावातील बाईने जे मागितले होते, ते हेच. हंड्याची पाळी पहिली.

आता मूळ मुद्द्यावर येतो. असा नियम करावयाचा, तर त्याच्या बाजूने हात कोण वर करील? ज्याचा ऊस उभा आहे, तो करील काय? त्याला वाईट म्हणण्याचे कारण नाही. डोक्यावर कर्ज आहे, कारखान्याची तोड यावयाची आहे, तो आपले हित पाहतो. पिण्याचे पाणी संपले तर ज्या व्यक्तीचे पाय पोळतात, जिच्या मुलीची शाळा सुटते, तिचे हित मात्र नियमातच आहे. गावातील अर्ध्या वस्तीला पाणी राखण्यात प्रत्यक्ष स्वारस्य आहे, आणि नेमक्या त्याच अर्ध्या वस्तीला आपण सभेबाहेर ठेवले. पाणी अडविण्यास हात लागतात आणि पाणी राखण्यास मत लागते. आपण स्त्रियांचे हात घेतले, मत घेतले नाही.

मत घेतल्याने दुसरेही एक शहाणपण कामात येते. चराईबंदीचेच पाहा. डोंगर हिरवा करावयाचा तर गुरे-शेळ्या काही वर्षे रोखाव्या लागतात, हे शास्त्र खरे. पण शेळी ही गरीब घरात बाईचे धन असते. जमीन नवऱ्याची, बैल सासऱ्याचा. अडीनडीला विकता येईल अशी तिची स्वतःची वस्तू म्हणजे ती शेळी. एका ठरावाने डोंगर बंद झाला, की त्या बाईची पेढीच बुडते, आणि वाढलेल्या पाण्याचा लाभ मात्र ज्याची विहीर त्याला मिळतो. ज्या सभेत ती बाई बसलेली असेल, ती सभा डोंगर टप्प्याटप्प्याने बंद करील, गवत कापून नेण्याचा हक्क प्रथम भूमिहीनांना देईल. सहकारी आणि सेवाभावी संस्थांनी हे ओळखले. फादर हर्मन बाकर या स्विस धर्मगुरूंच्या प्रयत्नांतून आपल्याकडे जर्मन साहाय्याने पाणलोटाचा जो कार्यक्रम सुरू झाला, त्यात प्रथम गावाने श्रमदान करून आपली पात्रता दाखवावयाची आणि ग्राम पाणलोट समिती निवडावयाची अशी पद्धत पडली. १९९३ साली स्थापन झालेल्या ‘वॉटर’ या संस्थेने गावोगावच्या बचतगटांना एकत्र आणून संयुक्त महिला समित्या उभ्या केल्या.

कायदाही आता स्त्रियांच्या पाठीशी आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींत त्यांना एक-तृतीयांश जागा राखून ठेवल्या आणि महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्यावर नेल्या. ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची वेगळी सभा घेण्याची तरतूद आहे. १९९३ साली राज्याने केलेल्या भूजलाच्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून पाचशे मीटरांच्या आत नवी विहीर खोदण्यास मनाई केली होती. तरतुदी पुष्कळ आहेत. परंतु बाई सरपंच आणि खुर्चीवर तिचे यजमान, हे दृश्य आपल्या ज्ञातीच्या गावांतही अपवादात्मक नाही, हे येथे बसलेल्या सर्वांस ठाऊक आहे. कागदावर तिचे आसन आहे. प्रत्यक्षात ते आपणच अडविलेले आहे.

आणखी एक गोष्ट ज्ञातीच्या व्यासपीठावरून बोलण्यास थोडे धैर्य लागते. पण आपण आमचेच आहात, म्हणून बोलतो. ओढ्याला ज्ञाती नसते. माथ्यावरची जमीन एकाची, मधली दुसऱ्याची, पायथ्याची वस्ती तिसऱ्याची. पाणी मात्र एकच. आपण आपल्यापुरते चर खोदू, आपल्यापुरते बांध घालू म्हटले, तर पाणी आपले ऐकणार नाही. सार्वजनिक पाण्यावर सर्वांचा सारखा हक्क आहे, हे सांगण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले होते. इतकी वर्षे लोटली, तरी टंचाईच्या दिवसांत टँकर कोणत्या आळीत आधी थांबतो, याचे उत्तर प्रत्येकाने आपापल्या गावी जाऊन पाहावे. त्या रांगेत सर्वांत मागे उभी असलेली बाई आपल्या ज्ञातीची नसेल. पण तिची पाळी आल्याखेरीज आपल्या गावाचे पाणी पुरले असे म्हणता येणार नाही.

आता आम्ही मंडळापुढे आणि आपणांपुढे तीन विनंत्या ठेवतो.

पहिली विनंती शहरात स्थायिक झालेल्या बंधूंना. आपल्यापैकी कित्येकांच्या गावाकडील जमिनी पडीक आहेत, आणि त्या बहुधा माथ्याकडच्या, हलक्या, मुरमाड आहेत. गाव पाणलोटाचे काम करू पाहते, तेव्हा या जमिनींच्या मालकांची संमती मिळत नाही, म्हणून माथ्याचे काम राहते आणि खालचे सारे बांध गाळाने भरतात. आम्ही नोकरीत असताना अशा किती पत्रांची उत्तरे आली नाहीत, हे मोजलेले नाही. आपण गावी राहत नसाल; निदान एक संमतीपत्र तरी पाठवा.

दुसरी विनंती सातबाऱ्याविषयी. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला आणि केंद्राने २००५ साली साऱ्या देशात दिला. तरीही वडिलांच्या पश्चात बहिणीला बोलवावे, साडीचोळी द्यावी आणि हक्कसोडपत्रावर तिची सही घ्यावी, ही आपली रीत अव्याहत चालू आहे. शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनी १९९० च्या सुमारास ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम हाती घेऊन शेतकऱ्यांना आवाहन केले, की आपल्या जमिनीचा काही हिस्सा आपल्या कारभारणीच्या नावे करा, आणि शेकडो गावांतील साध्यासुध्या शेतकऱ्यांनी ते ऐकले. त्यांना जे जमले, ते आपणां सुशिक्षितांना का जमू नये? जिच्या नावे जमीन नाही, तिला पाणलोट समितीत खातेदार म्हणून कोणी विचारीत नाही, पीककर्ज मिळत नाही, आणि सभेत तिचे बोलणे ‘घरातले बोलणे’ ठरते.

तिसरी विनंती मंडळाला. ज्ञातीच्या निधीतून गावांना देणग्या देण्याचा आपला परिपाठ स्तुत्य आहे. यापुढे पाणी आणि जमीन यांच्या कामाला मदत द्यावयाची, तर एक अट घालावी. त्या कामाचा आणि त्यानंतर पाणी वापरण्याच्या नियमांचा ठराव गावातील सर्व ज्ञातींच्या स्त्रियांच्या सभेत संमत झालेला असावा, आणि त्याखाली त्यांच्या सह्या किंवा अंगठे असावेत. एवढ्या एका कागदाने देणगीचे सार्थक होईल.

उपदेश करणाऱ्याने आधी आपले घर पाहावे, असा आपल्याकडचा दंडक आहे. आमचे तीर्थरूप वारल्यावर आमच्या धाकट्या भगिनीकडून आम्हीच हक्कसोडपत्र करून घेतले होते. तिने काही न विचारता सही केली. आम्ही तिला भाऊबीजेला पैठणी घेतली आणि मनातल्या मनात आपण उदार असल्याचा आनंद मानला. दोन वर्षांपूर्वी, पुष्कळ विलंबाने, आमच्या हिश्श्यातील माथ्यावरची दोन एकर जमीन आम्ही बक्षीसपत्राने तिच्या नावे केली. ती जमीन पडीकच होती, आणि गावातून आलेली संमतीपत्राची मागणी आमच्याच टेबलाच्या खणात पडून होती. आम्ही, ज्यांनी तीस वर्षे लोकांना संमतीपत्रे मागितली!

भगिनी शेजारच्याच गावी दिलेली आहे. सातबाऱ्यावर नाव लागल्यावर ती स्वतः जाऊन जमीन पाहून आली. आठ दिवसांनी तिचा दूरध्वनी आला. म्हणाली, “दादा, मी संमतीपत्रावर सही करून आले. त्या चरांचं पाणी खालच्या वस्तीच्या आडाला लागेल, असं बायका म्हणत होत्या.” आम्ही तीस वर्षांचे जाणते, खालच्या वस्तीला आड आहे, हेच आम्हांस ठाऊक नव्हते. तिने एका फेरीत ते विचारून घेतले होते.

गेल्या पावसाळ्यात ते चर भरले. आड किती दिवस पुरतो, हे येत्या वैशाखात कळेल. आणि त्या पाण्यावर नवी मोटार बसू द्यावयाची की नाही, हे गावाच्या सभेत ठरेल. त्या सभेस आमची भगिनी खातेदार म्हणून जाणार आहे. आम्हीही जाणार आहोत, आणि या खेपेस देवळाच्या पायरीपाशी आम्ही उभे राहू.

आमच्या तीन विनंत्यांचा मंडळाने याच बैठकीत विचार करावा, एवढी पुन्हा एकवार प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.